कॅल्शियमच्या बाटलीतली गोळी

उजवं कोपर अजून पुरतं वाकत नाही, त्यामुळे हे सावकाश लिहितो आहे. रोज जेमतेम अर्धं पान होतं, तेही दुपारच्या उजेडात. माझी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात झाली. दुसऱ्यांनी लिहिलेलं जपून ठेवणं एवढंच काम होतं. स्वतः काही लिहायची वेळ आलीच तर ते नलिनीबद्दल असेल असं वाटायचं. नलिनी माझी पत्नी. ती गेल्यावर मी आजारी पडलो. खरं म्हणजे ती अंथरुणावर होती तेव्हाच पडलो होतो, ती गेल्यावर ते उघड झालं.

माझा आजार दारूचा. लोक त्याला व्यसन म्हणतात, डॉक्टर आजार म्हणतात. आमच्या घरात त्याला काहीच म्हणत नसत. आमच्या चार पिढ्या बंगळूरात गेल्या. जयनगरात मराठी बोलणारी आमच्या ओळखीची घरं थोडी, आणि त्या प्रत्येक घराला बाकीच्या सगळ्या घरांची खडानखडा माहिती. अशा ठिकाणी एखाद्या गोष्टीला नाव दिलं नाही की ती घडलीच नाही, असं धरून चालता येतं. माझ्या बाबतीत हे धरून चालणं जिवावर बेतलं. दारू सुटावी म्हणून गोळी घेणारं माणूस ज्यांच्या घरात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

एका शब्दाचं उत्तर

पायांना सूज आली म्हणून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रक्त तपासलं, यकृताचे आकडे पाहिले आणि एका मोठ्या रुग्णालयातल्या व्यसनमुक्ती विभागाचं नाव सांगितलं. सोबत मुलगी आली, वीणा. ती इंदिरानगरला एका कंपनीत नोकरी करते. ऑफिसला दांडी मारून आली होती आणि रिक्षात सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होती.

तिथल्या डॉक्टरबाई साधारण चाळिशीच्या. कन्नड, हिंदी, इंग्रजी सगळं मिसळून बोलायच्या.

"किती घेता?"

"थोडी."

"थोडी म्हणजे?"

"म्हणजे... जेवणाआधी."

"रोज?"

मी सणवार, नलिनीचा कॅन्सर, तिचं जाणं असं काहीबाही सांगायला लागलो. वीणा समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "रोज. उठल्यापासून."

निदान झालं ते त्या क्षणी. बाकी तपासण्या नंतर झाल्या. मला त्या शब्दांपेक्षा तिच्या आवाजाची जास्त भीती वाटली. राग असता तर कळलं असतं. ती बँकेत पत्ता सांगावा तसं सांगत होती.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "मिसेसना शेवटी मॉर्फिन दिलं होतं का?"

"हो. आधी ती घेत नव्हती. सवय लागेल म्हणायची."

"ते मेंदूत ज्या दारांतून आत जातं ना, ती दारं मॉर्फिनसाठी केलेली नाहीत. मेंदू स्वतःच तशा जातीचं काहीतरी तयार करतो. एंडॉर्फिन आणि त्याची भावंडं. आईनं जवळ घेतलं, पोटभर हसलो, ठेच लागल्यावर थोड्या वेळानं कळ उतरली, की ते पाझरतं. दारू पोटात गेली की ते एकदम सुटतं. तुम्हाला जी ऊब वाटते ती बाटलीतून येत नाही, सर. ती तुमचीच आहे. दारू फक्त ती ओरबाडून काढते. रोज ओरबाडायला लागलात की आपणहून पाझरायचं कमी होतं. मग साध्या गोष्टींनी काहीच वाटत नाही. प्यायल्याशिवाय नुसतं बरंसुद्धा वाटत नाही."

पुस्तकांत आयुष्य घालवलेल्या माणसाला कारण समजलं की थोडं हलकं वाटतं. मला तसं वाटलं नाही. नलिनीच्या शेवटच्या महिन्यांतलं आमचं घर डोळ्यांसमोर आलं. आतल्या खोलीत ती मॉर्फिनच्या गोळीची वाट बघत पडलेली, आणि स्वयंपाकघरात ओट्याशी उभा राहून मी स्टीलच्या पेल्यात ब्रँडी ओततो आहे. त्याआधी ती सवय लागेल म्हणून कण्हत सोसत होती. आम्ही दोघं एकाच दाराशी उभे होतो, आणि मला ते ठाऊक नव्हतं.

बीपीचे लोक

वॉर्डात ठेवून घेतलं. दारू एकदम सोडली तर झटके येतात, म्हणून औषधाच्या आधारानं उतरवतात. पहिले दिवस नीट आठवत नाहीत. हात इतके थरथरत की चहाचा कप सिस्टर धरायची. ब जीवनसत्त्वाची इंजेक्शनं मिळायची, त्यांनी कुल्ला दगडासारखा व्हायचा. सोबत एक पुस्तक नेलं होतं. ते उघडलं तर अक्षरं मुंग्यांसारखी ओळीतून निघाली आणि पानाच्या कडेवरून चादरीवर उतरली. मी ती झटकत बसलो. वीणा डबा घेऊन आली तेव्हा मी चादर झटकतच होतो. तिनं डबा ठेवला, पलीकडचं टोक धरलं आणि माझ्याबरोबर चादर झटकली.

सावरल्यावर सकाळच्या बैठकीला जावं लागे. सगळे गोल बसायचे आणि नाव सांगून आपण का आलो ते बोलायचे. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "बीपीचा त्रास आहे."

मग शेजारी बसलेला, आनेकलच्या कारखान्यात काम करणारा एक दांडगा माणूस म्हणाला, "नावेल्ला बीपीने, सार." आम्ही सगळे बीपीचेच, सर. सगळे हसले, सिस्टरसुद्धा. मीही हसलो. तरी दारू हा शब्द उच्चारला नाही तो नाहीच. घरी जायच्या दिवशीही नाही.

दारात बसलेली गोळी

घरी सोडताना गोळी लिहून दिली. नाल्ट्रेक्झोन. सकाळी नाश्त्यानंतर एक.

"ही त्याच दारात जाऊन बसते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आत काही जाऊ देत नाही. प्यायलात तर नशा होईल, तोल जाईल, पण ती ऊब येणार नाही. हळूहळू ओढ कमी होते. आता नीट ऐका. दुखण्यावरची काही जोरदार इंजेक्शनं याच दारानं आत जातात. गोळी चालू असताना ती लागू पडणार नाहीत. म्हणून डॉक्टर डोस वाढवत नेतील, आणि मग गोळीचा जोर ओसरला की सगळं एकदम आत शिरेल. श्वास बंद पडू शकतो. कुठल्याही डॉक्टरकडे गेलात, अगदी दाताच्या, तर आधी हे सांगायचं. लक्षात राहील?"

"राहील," मी म्हणालो. वीणा तेव्हा औषधं घ्यायला खाली गेली होती.

मी एकदा गोळीवर पिऊन पाहिली. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे कुणाला करून बघायला नको. ब्रँडी घशातून गेली, पोटात गेली, डोकं जड झालं, जीभ अडखळली. आणि त्यापलीकडे काहीच नाही. ज्या घरी कायम जात होतो त्या घरी कुणी दार उघडू नये, तसं. ओट्याशी पेला घेऊन उभा राहिलो आणि रडूही आलं नाही. उरलेली मोरीत ओतली. त्यात निश्चय वगैरे काही नव्हता. तिचा उपयोगच उरला नव्हता.

आणखी एक भीती होती, ती कुणाला सांगितली नव्हती. माझ्या फोनमध्ये नलिनीचा एक निरोप आहे. "येताना कोथिंबीर आणा. आणि सावकाश या, रस्ता ओला आहे." बस एवढंच. तो ऐकला की छातीत काहीतरी सैल व्हायचं. गोळी सुरू झाल्यावर एक दिवस ऐकला आणि तो नुसता आवाज होता. कोथिंबीर, ओला रस्ता. मला वाटलं, ही गोळी दारूबरोबर नलिनीलाही बाहेर ठेवते आहे.

पुढच्या भेटीत धीर करून विचारलं. डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "काही जण असं सांगतात," त्या म्हणाल्या. "गोळीमुळे असेल. दारूनं मेंदू थकलाय म्हणून असेल. दुःखामुळेही असेल. खात्रीनं सांगता येत नाही, आणि मी खोटं सांगणार नाही. पण सर, तुम्ही तो मेसेज ऐकायचात तेव्हा हातात काय असायचं?"

पेला असायचा. गोळी चालू ठेवली. तो निरोप मात्र पुष्कळ दिवस उघडला नाही.

अक्का येते

माझी थोरली बहीण, अक्का, मी वॉर्डातून आल्यावर राहायला आली. तिचं सगळं आयुष्य जयनगरात गेलं. कोणाकडे कधी बारसं झालं, कोणाची सून कधी माहेरी गेली, तिला तोंडपाठ. तिनं घर हातात घेतलं. वेळेवर जेवण, वेळेवर गोळी. मी ती गिळेपर्यंत समोर उभी राहायची आणि "तोंड उघड बघू," म्हणायची. तिच्याशिवाय मी पहिले महिने काढू शकलो नसतो.

त्याच सुमारास वीणाला स्थळ आलं. ओंकार निपाणीकर. मूळचे बेळगावकडचे, आता वडील निवृत्त होऊन मुलाकडे बंगळूरात राहायला आलेले. मुलगा आणि वीणा दोन-तीनदा भेटले. वीणा घरात गुणगुणायला लागली. नलिनी आजारी पडल्यापासून ती गुणगुणली नव्हती. पत्रिका जुळल्या, आणि घर बघायला म्हणून निपाणीकर मंडळी रविवारी जेवायला येणार असं ठरलं.

आदल्या दिवशी अक्का फडताळासमोर उभी होती.

"दत्तू, हे पाकीट इथं उघड्यावर?"

"औषधच आहे, अक्का."

"अय्यो, औषध आहे ते मला कळतं. पण त्यावर नाव छापलंय ना! निपाणीकरांची भाची फार्मसी शिकली आहे. हात धुवायला आत आली आणि पाहिलं म्हणजे?"

"ती कशाला फडताळ उघडेल?"

"बायका उघडतात. मी उघडते."

तिनं पाकिटातल्या सगळ्या गोळ्या टचटच करत काढल्या आणि नलिनीच्या कॅल्शियमच्या रिकाम्या बाटलीत भरल्या. रिकामी पाकिटं वर्तमानपत्रात गुंडाळून रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या कचऱ्यात टाकून आली.

"आता काय घेतोस विचारलं तर काय सांगायचं?"

"कॅल्शियम," मी म्हणालो.

"शहाणा माझा."

वीणा दारात उभी राहून हसत होती. मीही हसलो. त्या घरात फार दिवसांनी तिघं एकदम हसलो होतो, म्हणून त्यात काही चुकतं आहे असं मनात आलं नाही.

रविवार

मंडळी यायला थोडा अवकाश होता. श्रीखंडासाठी मोठं पितळी सतेलं माळ्यावर होतं. अक्का नको म्हणत असताना मी स्टुलावर चढलो. हल्ली हात थरथरत नाहीत हे मला तिला दाखवायचं होतं. सतेलं हाताला लागलं, स्टूल कलंडलं आणि मी उजव्या कोपरावर सगळा भार घेऊन फरशीवर आलो. सतेलं घरंगळत दारापर्यंत गेलं. नेमकं तेव्हाच ओंकारचे वडील, निपाणीकर, दारात चपला काढत होते.

ते फार भले गृहस्थ. एक शब्द न बोलता मला उचललं, गाडीत घातलं. अक्का पुढे बसली, मांडीवर पिशवी, पिशवीत माझी औषधं. तेवढी हुशारी तिला सुचली होती. वीणा आणि ओंकार मागून दुसऱ्या गाडीनं येत होते.

रुग्णालयाच्या अपघात विभागात एक तरुण डॉक्टर होता. त्यानं कोपराकडे बघूनच हाड सरकल्याचं सांगितलं आणि शिरेत इंजेक्शन दिलं. "आता स्वल्प बरं वाटेल, अंकल."

वाटलं नाही. मी आयुष्यात दुखणं पाहिलं होतं ते दुसऱ्याचं. मनगटापासून मानेपर्यंत कुणीतरी करवत चालवत होतं. निपाणीकर माझ्या कपाळावरचा घाम स्वतःच्या रुमालानं टिपत होते.

"दत्तात्रेयराव, धीर धरा. मी इथंच आहे."

थोड्या वेळानं दुसरं इंजेक्शन. त्यानंही काही नाही. डॉक्टर चक्रावला. "काही औषधं चालू आहेत का?"

अक्कानं पिशवीतून बाटली काढून त्याच्यापुढे धरली. "हे कॅल्शियम. बाकी काही नाही."

"ड्रिंक्स?"

"छे छे!" अक्का म्हणाली. "आमच्याकडे चातुर्मासात कांदासुद्धा नसतो."

निपाणीकर कौतुकानं हसले. मी ऐकत होतो. माझी जीभ शाबूत होती. डॉक्टर सिस्टरला म्हणाला की आता जास्त डोस भरा, आणि ती सिरिंज भरायला वळली.

मला सगळं आठवत होतं. दार, दारातली गोळी, साचत जाणारं औषध, बंद पडणारा श्वास. शब्द न् शब्द आठवत होता. तरी मी गप्प होतो. खरं सांगायचं तर त्या वेळी मरण मला फारसं वाईट वाटलं नाही. पडद्याच्या पलीकडे नलिनी असेल असं नव्हे, मी तसा भाविक नाही. पण दुखणं थांबलं असतं, वीणाचं लग्न झालं असतं आणि बाप कोपर मोडून गेला असं लोकांनी म्हटलं असतं. ते सगळं अगदी सोयीचं होतं.

तेवढ्यात पडदा सरकला आणि वीणा आत आली. मागे ओंकार. तिनं अक्काच्या हातातली बाटली पाहिली, माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलणार आहे हे तिला कळलं असावं. तिनं मान हलवली. अगदी किंचित, कुणाला दिसणार नाही इतकीच. नको, अप्पा.

मला दुखतं आहे एवढंच तिला माहीत होतं. इंजेक्शनचं पुढचं तिला माहीत नव्हतं. ते मला सांगितलं होतं आणि मी तिला सांगितलं नव्हतं. मी मेलो असतो तर कधी ना कधी, कुठल्या तरी डॉक्टरकडून, तिला ते कळलं असतं. मग ती मानेची हालचाल तिच्या मानगुटीवर जन्मभर बसली असती.

"इंजेक्शन देऊ नका," मी म्हणालो. आधी मराठीत, मग तो बघत राहिला म्हणून कन्नडमध्ये. "त्या बाटलीत कॅल्शियम नाही. नाल्ट्रेक्झोन आहे. मला दारूचा आजार आहे. आज सकाळीही गोळी घेतली आहे."

डॉक्टरनं सिस्टरचा हात जागीच धरला. मग एकदम धावपळ झाली. भूलतज्ज्ञांना फोन, छातीला तारा, बोटाला चिमटा. काखेपाशी सुई देऊन अख्खा हात बधिर केला. तो रस्ता त्या दारातून जात नाही. कळ उतरत गेली. श्वासावर लक्ष ठेवायला एक सिस्टर उशाशी बसली ती उठलीच नाही.

या सगळ्यात मला एकच गोष्ट स्पष्ट आठवते. कपाळावरचा रुमाल निघून गेला होता.

नंतर

ऑपरेशन करायचं ठरलं. त्यासाठी गोळी बंद करून तिचा अंमल उतरू द्यावा लागला. ऑपरेशननंतर दुखण्यावर तीच जोरदार औषधं द्यावी लागली, आणि ती शरीरातून पुरती गेल्याखेरीज गोळी परत सुरू करता येत नाही. माझ्या डॉक्टरबाई स्वतः बघायला आल्या. "या मधल्या दिवसांत दार उघडं आहे," त्या म्हणाल्या. "एकटे राहू नका." हे वाक्य त्यांनी या वेळी वीणासमोर म्हटलं.

अक्का मात्र राहिली नाही. बॅग भरताना म्हणाली, "दोन मिनिटं कळ सोसवली नाही का रे तुला?"

"अक्का, मी मेलो असतो."

"ते डॉक्टर सांगतात तसं." मग खुर्चीत बसली आणि पदरानं तोंड झाकून रडली. "मी माझ्या हातानं भरल्या रे गोळ्या." मी डावा हात तिच्या पाठीवर ठेवला. तिनं ठेवू दिला, पण रिक्षा आल्यावर गेली.

निपाणीकरांचा फोन वीणानंच घेतला. मी शेजारी होतो. त्यांनी पत्रिका पुन्हा एकदा एका गुरुजींना दाखवल्या होत्या.

"काका, छत्तीसातले गुण तेव्हा पुरेसे होते ना," वीणा म्हणाली. तिकडून बरंच काही बोलणं झालं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "सरी, ठीक आहे, काका. त्या दिवशी अप्पांना नेलंत, त्याबद्दल थँक्स." ओंकारचाही एक लांबलचक मेसेज आला. तिनं तो उभ्याउभ्या वाचला आणि फोन पालथा ठेवला.

मला म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला नुसतं दुखतंय."

"माहीत आहे."

"नुसतं दुखत असतं तर बोलला असतात?"

"नाही."

तिनं मान डोलावली आणि कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली. ती माझ्यावर रागावली होती की स्वतःवर, मला कळलं नाही. अजूनही पुरतं कळलेलं नाही. घरातलं गुणगुणणं थांबलं.

उघडं दार

ऑफिसातून तिनं घरून काम करायची परवानगी काढली होती. पण एक दिवस तिला जाणं भाग पडलं. दारात चप्पल घालत म्हणाली, "बाहेरून कडी घालून जाऊ?"

"घाल."

ती थोडा वेळ कडीला हात लावून उभी राहिली. "नाही घालत," म्हणाली आणि गेली.

ती वळणावर दिसेनाशी झाल्यावर ओढ आली ती आधी कधी आली नव्हती तशी. गोळी नव्हती. दार उघडं होतं हे मला मेंदूत नव्हे, जिभेखाली कळत होतं. एक पेला, आणि ऊब परत येईल. नलिनीचा आवाज पुन्हा आवाजापेक्षा जास्त काहीतरी होईल. दारूचं दुकान दुसऱ्या क्रॉसच्या गल्लीत आहे. माझा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. डाव्या हातानं एकट्यानं बूच उघडता येतं का, हे मी टूथपेस्टच्या झाकणावर करून पाहिलं. येत होतं.

पैशांचं पाकीट खिशात घालून मी जिना उतरलो. खाली नंजप्पा स्कूटर पुसत होता. तळमजल्यावरचा शेजारी, बसवर ड्रायव्हर होता, आता घरी असतो. इतक्या वर्षांत आमचं बोलणं पाण्याच्या मोटरपलीकडे फारसं गेलेलं नाही.

"कुठं निघालात, सार? हात असा बांधलेला."

औषधं आणायला, असं तोंडावर आलं होतं. पण दारू हा शब्द मी जगातल्या सगळ्यात नको त्या माणसापुढे एकदा उच्चारून बसलो होतो. त्यानं व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं. आता सांभाळायला काही उरलं नव्हतं.

"वाइन शॉपला," मी म्हणालो. "नंजप्पा, मला दारूचा आजार आहे. वीणा येईपर्यंत जरा माझ्याजवळ बसता का?"

त्यानं फडकं पिळलं, झटकलं, हँडलवर वाळत घातलं.

"गोत्तु, सार," म्हणाला. माहीत आहे.

"काय माहीत आहे?"

"दारूचं. एल्लारिगू गोत्तु." सगळ्यांनाच. "तुमची अक्का रिकामी पाकिटं कोपऱ्यावर टाकायला गेली ना, तेव्हा आमची बायको म्हणाली, बरं झालं बाई, औषध चालू केलं."

मी जिन्याच्या कठड्याला टेकलो. हसू आलं असावं, कारण तोही हसला.

तो वर आला. टीव्हीवर कुठला तरी जुना क्रिकेटचा सामना लावला, चिवड्याचा डबा मांडीवर घेतला आणि बसला. उपदेश नाही, चौकशी नाही. मधूनच "हा बघा, हा आता आउट होणार," म्हणायचा. सामना त्यानं आधी पाहिलेला होता. मी दोनदा उठलो. दोन्ही वेळा त्यानं टीव्हीवरून नजर न काढता विचारलं, "बाथरूम?" पहिल्यांदा मी हो म्हणून बाथरूमला जाऊन आलो. दुसऱ्यांदा नाही म्हणालो आणि परत बसलो. घाम येत होता. दुपार सरता सरत नव्हती. त्यानं डबा संपवला.

वीणा आली तेव्हा तो उठला, तिला लेकराला म्हणावं तसं म्हणाला, "चिवडा खलास, मगा," आणि जिना उतरून गेला.

ती पर्स न ठेवता तशीच माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मग खाली वाकली. तिचा चेहरा इतका जवळ आला की तिच्या पापण्यांवरची रस्त्यावरची धूळ मला दिसली.

"ह् करा, अप्पा."

मी तोंड उघडलं आणि श्वास सोडला. तिनं डोळे मिटून तो आत घेतला, पूर्ण, थांबून. मग पुन्हा म्हणाली, "परत." मी परत सोडला.

ती सरळ झाली नाही. तशीच वाकलेली राहिली, कपाळ माझ्या प्लास्टरला टेकवून, आणि मी जितका वेळ जमेल तितका वेळ हात हलू दिला नाही.